बडग्याच्या अंगातला शर्ट

माझ्या भाचीला नीट वाचता येण्याआधी ‘लॉबी’ हा शब्द येत होता. मोबाइलवरच्या लढाईच्या खेळात एक डाव संपला की दुसरा सुरू होईपर्यंत खेळाडू एका जागी उभे राहून वाट बघतात, त्या जागेला लॉबी म्हणतात. हे मला तिनंच समजावलं. तिच्यापुरता त्या शब्दाचा अर्थ सोपा होता. लॉबी म्हणजे आता बाबा ऐकतो.

शाळेतून आली की ती माडीवर दादाच्या खोलीच्या दारात उभी राहायची आणि विचारायची, “लॉबी?” माझ्या दादानं मान हलवली की सगळा दिवस एका दमात सांगायची. “आज मॅडमनं मले पुढं बसवलं अन् डब्यातली भाजी सांडली अन् माझी चित्राची वही सगळ्यायले दाखवली अन्...” तेवढ्यात दादाच्या कानातल्या हेडफोनमधून कुणीतरी “चलो चलो” ओरडायचं आणि गोष्ट तिथंच तुटायची. पोरगी रडायची नाही, खाली निघून यायची. पहिलीतल्या मुलीनं इतकं समजूतदार असू नये, असं माझं स्पष्ट मत होतं आणि आहे.

माझं माहेर आणि सासर एकाच गल्लीत आहे, उमरेड रोडला लागून असलेल्या आमच्या वस्तीत. लोक म्हणतात, नशीब काढलंस. काढलं खरं, दोन्हीकडच्या भानगडींत नाक खुपसायला मला चपलाही घालाव्या लागत नाहीत. मी घरी ब्लाउज शिवते आणि तोंडानं फटकळ आहे. दादा माझ्याहून मोठा. लॉकडाउनमध्ये त्याचं कॉम्प्युटरवरचं काम घरी आलं ते घरीच राहिलं. सकाळी काम, दुपारपासून खेळ. वहिनी उमरेडच्या, आणि नागपूर-उमरेड लाल बसवर कंडक्टर. आई दादाकडेच राहते. ही एवढीच माणसं, आणि मधे ती पोरगी.

एप्रिलमधली गोष्ट. शाळा सकाळची झाली होती. आई भजनी मंडळाबरोबर रामटेकला गेली होती, वहिनी ड्युटीवर. पोरीला ऑटोतून उतरवून घेण्याचं काम दादाचं. भर दुपारी मी अस्तराचं कापड घेऊन घरी येत होते, तर पोरगी फाटकाबाहेर बसलेली. कुत्री शिरतात म्हणून फाटकाला आतून कुलूप असायचं. ऑटोवाल्यानं दादाची गाडी उभी दिसली म्हणून बेल वाजवली आणि तो पुढच्या पोरांना सोडायला गेला. खांबाची सावली जेमतेम दप्तराएवढी होती, आणि त्या सावलीत पोरीनं दप्तरच ठेवलं होतं. स्वतः उन्हात.

“अगं, तू काहून उन्हात बसली?”

“दप्तरात मेणाचे खडू आहेत, आत्या. वितळले असते.”

चेहरा लालबुंद, बाटली रिकामी. “बाबाले हाक मारली मी,” ती म्हणाली, “पण मॅच सुरू असंल.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बापाची बाजू घेत होती ती, आणि त्यानंच माझं डोकं फिरलं.

तिला घरी नेलं, पन्हं पाजलं, ओल्या फडक्यानं अंग पुसलं, शेजारणीला तिच्याजवळ बसवलं. मग दादाच्या फाटकाची माझ्याकडची किल्ली घेऊन तरातरा माडीवर गेले. कूलर घरघरत होता, पडदे लावलेले, दादा आत लढाई लढत होता. मी मागून हेडफोन ओढून काढला. त्यानं वळून पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “शाळा सुटली का?”

संध्याकाळी पोरीला ताप भरला. डॉक्टरांनी ऊन लागल्याचं सांगितलं, औषध दिलं, वेळेवर आणली म्हणाले. दादा तिच्या पायथ्याशी बसून लहान मुलासारखा रडला. आई रामटेकहून प्रसाद घेऊन आली आणि तिनं सरळ निकाल देऊन टाकला. “या मोबाइलनं माझ्या पोराची मती बांधली वं. त्याचा काय दोष?” गल्लीचंही तेच मत पडलं. खेळच वाईट, व्यसनच वाईट, कोण शहाणा यातून सुटतो. मीही त्याच बाजूची होते. भावाला दोष देण्यापेक्षा खेळाला देणं सोपं जातं, आणि हे खेळ बनवणारे काही भोळे सांब नाहीत. माणूस उठूच नये अशीच मांडणी केलेली असते.

वहिनी शेवटची फेरी करून आल्या. खाकी कपड्यांतच पोरीजवळ बसल्या, कपाळाला हात लावला. आता त्या फोन उचलून भिंतीवर आपटणार, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर मला ते बघायचं होतं. त्यांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी न राहवून म्हटलं, “वहिनी, तो फोन फोडून टाका.”

“अन् मंग?” त्या म्हणाल्या. “उद्या टीव्ही फोडू, परवा पेपर जाळू? गेमले पोट्टी नाही, ताई. यायले आहे,” त्यांनी दादाकडे बोट दाखवलं.

हे ऐकलं आणि मला एकदम आमचे बाबा आठवले. बाबांच्या वेळी मोबाइल नव्हता. पत्ते होते. कचेरीतून आले की कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली चौकडी बसायची ती जेवणाच्या वेळेपर्यंत. एकदा वैतागून आईनं पत्त्यांचा सगळा कॅट चुलीत घातला. आम्ही भावंडं खूश झालो, आता बाबा आपल्याशी बोलणार म्हणून. बाबा कितीतरी संध्याकाळी घरात बसून राहिले, रिकाम्या हातानं, छताकडे बघत. दादा कोणत्या वर्गात आहे हे त्यांनी तेव्हाही विचारलं नाही. पत्ते जळून गेले आणि बाबा होते तिथंच राहिले. पुढं आईनंच नवा कॅट आणून दिला.

वहिनींनी हे पाहिलं नव्हतं, त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. तरी त्यांना जे कळलं ते आईला जन्मभर कळलं नाही, आणि मला कळायला इतकी वर्षं लागली. त्या बाईबद्दल मला तेव्हापासून जे वाटतं त्याला कौतुक हा शब्द अपुरा आहे.

सुट्ट्यांत त्यांनी पोरीला उमरेडला आपल्या आईकडे ठेवलं. जूनअखेर शाळा उघडताना परत आणली आणि दादासमोर, आईसमोर, माझ्यासमोर शांतपणे सांगितलं, “मी उमरेड डेपोत बदली मागून राहिली आहे. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की आम्ही मायलेकी तिकडं. तवापर्यंत पाहू.” आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. दादा म्हणाला, “मी सोडतो गेम.” वहिनी म्हणाल्या, “गेम सोडा म्हणून मी म्हटलंच नाही.”

दादानं खेळ काढून टाकला, आठवड्याभरात परत टाकला, पुन्हा काढला. मधल्या दिवसांत तो क्रिकेट बघायचा, नाहीतर नुसताच फोनवर बोट फिरवायचा. पोरगी दारात येऊन उभी राहायची आणि गोंधळायची. खेळच नाही तर लॉबी कुठून येणार? आता बोलायची वेळ कोणती, हेच तिला कळेनासं झालं.

असं करता करता पोळा आला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबत निघते, म्हणजे वाईटाला गावाबाहेर घालवणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. मोठ्या मारबती शहरात निघतात, पण गल्लोगल्ली पोरं आपापला बडग्या करतात. बांबू, तणस म्हणजे भाताचा पेंढा, जुने कपडे, वर कागदाचं डोकं. त्या वर्षी जे काही लोकांना छळत असेल त्याचा बडग्या करायचा, वाजतगाजत फिरवायचा, “घेऊन जा गे मारबत” असं ओरडत गल्लीबाहेर न्यायचा आणि जाळून टाकायचा. महागाईचा झाला, खड्ड्यांचा झाला, साथीच्या रोगाचा तर दोन वर्षं झाला. त्या वर्षी गल्लीनं ठरवलं, मोबाइल गेमचा बडग्या. सूचना आईचीच होती.

शिवण माझ्याकडे आली. पुठ्ठ्याचा मोठा मोबाइल हातात, कानांवर नारळाच्या करवंट्यांचे हेडफोन. आई एक शर्ट घेऊन आली. दादाचा, निळ्या चौकटीचा, घालून घालून मऊ झालेला. खिशाचं बटण हरवलं तेव्हा दुसरं मिळालं नाही म्हणून मीच त्याला लाल बटण लावलं होतं.

“दादाचा शर्ट काहून?” मी विचारलं.

आईनं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, “त्याच्या अंगातली पीडा शर्टासोबत जाईल वं. तू फक्त गप राय.”

आता हसू येतं. तेव्हा आलं नाही. आईचा चेहराच असा होता की मी शर्ट घेतला आणि बडग्याच्या अंगात चढवला. मुलाला वाचवायला निघालेल्या आईला शहाणपण शिकवायची माझी हिंमत नव्हती.

सकाळी हातगाडीवर बडग्या उभा झाला. ढोल-ताशा सुरू झाला, पोट्टे नाचायला लागले. “गेमिंगले घेऊन जा गे मारबत! मोबाइलले घेऊन जा गे मारबत!” गल्लीतली सगळी लहान पोरं ओरडत होती, त्यात आमची पोरगीही होती. हातात तिचा लाकडी नंदी. संध्याकाळी तान्हा पोळा असतो, पोरं आपापले लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. आमच्या बाईसाहेब सकाळपासूनच नंदीला घेऊन फिरत होत्या. दादा माडीच्या गॅलरीतून हे सगळं बघत होता. गळ्यात हेडफोन. बडग्याच्या करवंट्या पाहून तो हसलासुद्धा.

गाडी आमच्या फाटकापाशी आली आणि पोरगी ओरडायची थांबली. तिची नजर त्या लाल बटणावर गेली होती.

“आत्या,” तिनं माझा पदर ओढला. “हा बाबाचा शर्ट आहे.”

“जुना झाला ना तो. म्हणून दिला.”

“याले जाळतात?”

“हो. वाईट गोष्ट निघून जावी म्हणून.”

तिनं नंदी माझ्या हातात दिला. मला काही समजायच्या आत ती हातगाडीच्या चाकावर पाय देऊन वर चढली आणि बडग्याच्या शर्टाची बटणं काढायला लागली. “बाबाले नाही न्यायचं! गेमले न्या! बाबाले नाही न्यायचं!” ढोलवाले थांबले. कुणीतरी हसलं. एक पोट्टा तिला खाली उतरवायला पुढे झाला, तेवढ्यात मागून कंडक्टरचा आवाज आला, भरलेल्या बसच्या शेवटच्या सीटपर्यंत जातो तो.

“काढू द्या तिले. बडग्या शर्टाबिगर बी जळते.”

वहिनी ड्युटीवर निघाल्या होत्या, खांद्याला बॅग. त्या पुढे आल्या नाहीत, मुलीला मदतही केली नाही. नुसत्या उभ्या राहिल्या, आणि त्या उभ्या होत्या म्हणून कुणी पुढे सरकलं नाही. पोरीची लहान बोटं, काजांत अडकलेली बटणं, सगळ्या गल्लीला वाट बघायला लागली. शेवटी शर्ट निघाला. तणस सगळीकडे उडाली.

दादा खाली येऊन फाटकात उभा होता. कधी आला ते मी पाहिलं नाही. पोरगी गाडीवरून उतरली, त्याच्याकडे गेली आणि शर्ट पुढे करून म्हणाली, “घाल.”

त्यानं घातला. टी-शर्टावरून, तणसीसकट. सगळ्यांसमोर लाल बटणसुद्धा लावलं. आई ओट्यावर डोळ्यांना पदर लावून बसली होती. पीडा परत आली म्हणून रडत होती की आणखी कशासाठी, हे मी तिला कधी विचारलं नाही. उघडा बडग्या पुढे गेला आणि ढोल पुन्हा सुरू झाला.

वहिनींबद्दल इथं एक सांगायला हवं. मी एकदा त्यांच्याच बसमधून उमरेडला गेले होते. एक माणूस पिऊन चढला, तिकीट काढेना, शिव्या द्यायला लागला. बाकीचे लोक म्हणाले, उतरवा याला. वहिनी भांडल्या नाहीत. परत परत एकच विचारत राहिल्या, “कुठं उतरायचं आहे तुम्हाले?” तो पिण्याबद्दल बोलला, बायकोबद्दल बोलला, सरकारबद्दल बोलला. या आपल्या, “कुठं उतरायचं आहे?” शेवटी तो कंटाळून गावाचं नाव बोलला, तिकीट घेतलं आणि मुकाट बसला.

त्या संध्याकाळी ड्युटीवरून आल्यावर त्यांनी पोरीच्या नंदीच्या गळ्यात माळ घातली. दादा ओट्यावर बसला होता, तोच शर्ट घालून. तो बोलायला लागला. खेळ कसा ओढून घेतो, कामाचा ताण कसा असतो, त्या खेळातले मित्र कसे रोज वाट बघतात, एप्रिलमधला तो दिवस कसा डोळ्यांपुढून जात नाही. बरंच बोलला, आणि त्यातलं खोटं काहीच नव्हतं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं.

“तुम्हाले कुठं उतरायचं आहे?” त्यांनी विचारलं.

दादानं नंदीच्या शिंगांना चमकी लावत बसलेल्या पोरीकडे पाहिलं.

“इथंच,” तो म्हणाला.

“मंग उतरा ना. गाडी कवाची उभी आहे.”

तो उठला. नंदीची दोरी एका हातात, पोरीचा हात दुसऱ्या हातात, असा गल्लीभर घरोघर फिरला. ज्या घरांनी सकाळी बडग्याला टाळ्या वाजवल्या होत्या त्याच घरांच्या ओट्यांवर जाऊन तो त्या शर्टात उभा राहिला. आमच्याकडेही आला. मी नंदीला ओवाळलं. दादाला एरवी मी सहज चार शब्द सुनावते, त्या दिवशी त्यालाही ओवाळलं. इतका अभिमान मला त्याचा आधी कधी वाटला नव्हता. बारावीत तो पहिला आला होता तेव्हाही नाही.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. कधी आवाज दिल्यावर तो लगेच उठायचा नाही, कधी चिडायचा. पण काम करायचं टेबल त्यानं माडीवरून खाली आणलं, फाटक दिसेल अशा खिडकीपाशी. फाटकाचं कुलूप काढून साधी कडी लावली, पोरीचा हात पोचेल इतकी खाली. ऑटो यायच्या वेळी तो बाहेर उभा दिसायला लागला. खेळ त्यानं सोडला नाही. रविवारी सकाळी अजून खेळतो, ओरडतो, हरतो. एकदा मी स्वतः ऐकलं, तो त्या मित्रांना सांगत होता, “भाई, निकल रहा हूँ, बेटी उठ गयी.” आईला अजून वाटतं की शर्ट बडग्यावर चढला तेवढ्या वेळात पीडा उतरली. मी वाद घालत नाही.

वहिनींनी बदलीचा अर्ज मागे घेतला की नाही, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दिवाळीला त्या पोरीला घेऊन उमरेडला गेल्या. जाताना दोघींचे कपडे एकाच बॅगेत होते, आणि बॅग लहान होती. मला तेवढं पुरलं. भाऊबीज करून त्या परत आल्या.

पोरीची एक सवय मात्र जाता जाईना. बाबा समोर बसलेला, फोन आत, तरी ती सगळा दिवस एका दमातच सांगायची. शब्द एकमेकांवर आपटायचे, श्वास पुरायचा नाही. दादा म्हणायचा, “बेटा, हळू सांग, मी आहे ना.” ती मान हलवायची आणि परत धावत सुटायची. दादाचा चेहरा तेव्हा बघवत नसे. मग त्यानं तसं म्हणायचं सोडलं आणि तो नुसता ऐकत राहायला लागला. रोज.

थंडीच्या दिवसांत एका दुपारी मी आईचा ब्लाउज द्यायला गेले होते. पोरगी नुकतीच शाळेतून आली होती. बापलेक ओट्यावर उन्हात बसले होते, तिचं दप्तर त्याच्या मांडीवर. शाळेत मांजर शिरल्याची गोष्ट चालली होती. मांजर मॅडमच्या टेबलाखाली गेलं, मॅडम खुर्चीवर चढल्या, आणि अगदी रंगात आलेली गोष्ट तिनं मधेच थांबवली.

“थांब हं बाबा,” ती म्हणाली. “मी पाणी पिऊन येते.”

आणि ती गेली. घाई न करता, उड्या मारत. आतून माठाचं झाकण वाजल्याचं ऐकू आलं. दादा दप्तर घट्ट धरून दाराकडे बघत बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि पटकन ब्लाउजची घडी परत घालायला लागले.

ती तोंड पुसत परत आली, त्याला टेकून बसली आणि मांजराला टेबलाखालून बाहेर काढायला लागली.